जुन्या दारावरची चिठ्ठी

खानदेशात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. "कोनता गावना?" एकदा गाव कळलं की मामा कुठला, भाऊबंद कोण, वावर पाटाखालचं की कोरडवाहू, हे सगळं मागोमाग येतं. हितेंद्र नारखेडेचा या प्रश्नावर देवापेक्षा जास्त भरवसा होता. तो स्वतः असोद्याचा. वीस वर्षं तो रोज मोटारसायकलवर जळगावला येत होता आणि एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळत होता. संस्थेची कॉलेजं जळगावात आणि धुळ्यात मिळून नऊ, मुलं एकवीस हजार. हितेंद्र हुशार होता यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं, आणि सगळी रड तिथूनच सुरू झाली.

त्या एकवीस हजार मुलांपैकी प्रत्येकाचं युनिक्स सर्व्हरवर एक खातं होतं आणि प्रत्येक खात्याला स्वतःचा एक फोल्डर. पोरांनी लिहिलेले प्रोग्रॅम, प्रोजेक्ट, असाइनमेंट, सगळं त्यात. सगळं जग त्याला 'होम' म्हणतं, आणि हितेंद्रच्या खोलीत सगळे 'घर' म्हणत. ही एकवीस हजार घरं वर्षानुवर्षं एकाच फोल्डरात एका ओळीत उभी होती. जानेवारीत मशिनने मान टाकली. यादी उघडायला मिनिट मिनिट लागायचं, आणि आदल्या संध्याकाळी सुरू केलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारी संपायचा.

याला जुना उपाय आहे. एका फोल्डरात सगळं कोंबायचं नाही, आत खाने करायचे आणि घरं वाटून टाकायची. बहुतेक ठिकाणी आद्याक्षरावरून वाटतात. इथं खात्याची नावं आडनावावरून केलेली, आणि इथली आडनावं म्हणजे पाटील, पाटील आणि पाटील! आद्याक्षर लावून पाहिलं तर सात हजारांवर घरं एका खान्यात, आणि बाकीच्या खान्यांत माश्या.

हितेंद्रच्या हाताखाली रूपाली नावाची मुलगी होती. दोन वर्षं नोकरी झालेली, कमी बोलणारी. ती म्हणाली, "सर, प्रत्येक खात्याला नंबर आहेच. शेवटच्या दोन आकड्यांवरून शंभर खाने करू. प्रत्येकात दोनशे दहा घरं, कायम सारखी."

"नंबरने माणसं ओळखायची? तुरुंग आहे का हा?" हितेंद्र हसला. "आपल्याकडे माणूस गावावरून ओळखतात. गावावरून खाने कर."

आणि त्याने केलेच. अकराशे गावांचे अकराशे खाने. असोद्याची पोरं असोद्यात, जामनेरची जामनेरात. जळगाव-धुळे शहरं मोठी पडली, म्हणून जळगावचे पेठांवरून आणि धुळ्याचे गल्ल्यांवरून तुकडे केले. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबरच आहेत, त्यामुळे ते काम तर दहा मिनिटांत झालं. कॉलेजच्या ऑफिसात मुलाचा जो पत्ता नोंदलेला असेल तो वाचायचा आणि त्या खान्यात घर ठेवायचं, असा एक छोटा प्रोग्रॅम त्याने लिहिला. रोज दुपारी एक वाजता, लॅब जेवणासाठी बंद असताना तो चालायचा आणि काय काय हलवलं त्याचा अहवाल हितेंद्रला मेल करायचा. ज्यांची खाती बंद झाली, म्हणजे शिकून गेले, सोडून गेले किंवा देवाघरी गेले, त्यांच्यासाठी शेवटी एकच खाना होता. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'गाव नाही'.

घराच्या आतलं कोणालाही दिसत नव्हतं, तेवढी कुलपं चोख होती. पण खान्यात कोणाकोणाची घरं आहेत ती नावं कोणीही वाचू शकत होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव. रूपालीने याबद्दल विचारलं तेव्हा हितेंद्र म्हणाला, "गावात कोण राहतं हे गावाला कळायला नको?"

फेब्रुवारीत बॅकअप दीड तासात संपायला लागला. प्राचार्यांनी सभेत नाव घेतलं. पोरंही खूश होती, आपल्या गावची मंडळी एका जागी बघायला कोणाला आवडत नाही! एक दिवस खिडकीशी एक मुलगा आला. पांढरा शर्ट, कपाळाला बारीक अष्टगंध, बोलताना हात जोडलेले. नाव प्रेमराज अभिमन पाटील, चाळीसगाव तालुक्यातल्या पाडळकोठ्याचा, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला.

"सर, भारी काम करं तुम्ही," तो म्हणाला. "आमना गावना बठ्ठा पोरं एकच जागावर दिसतस."

हितेंद्रला आपल्या मुलखाची बोली ऐकली की पाघळायला व्हायचं. त्याने प्रेमराजला आत बसवलं, चहा पाजला. निघताना प्रेमराजने सहज विचारलं, "सर, कोणाचा पत्ता बदलला, तो दुसऱ्या गावाच्या खान्यात गेला, तर मित्रांनी त्याला शोधायचं कसं? अकराशे खाने बघत बसायचे का?"

प्रश्न चांगला होता. हितेंद्रने त्याच दुपारी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. घर हललं की जुन्या जागी त्याच नावाची एक खूण ठेवायची, आणि घर आता कुठे आहे हे त्या खुणेवर लिहायचं. युनिक्समध्ये याला लिंक म्हणतात. हितेंद्र तिला चिठ्ठी म्हणायचा. घर बदललेला भला माणूस जुन्या दारावर नवा पत्ता लिहून जातो तशी. पोराच्या सूचनेवरून केलंय, हे त्याने रूपालीला कौतुकाने सांगितलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताना माणसाच्या चेहऱ्यावर असंच कौतुक असतं.

महिन्यातून एकदा हितेंद्र आणि रूपाली धुळ्याच्या कॉलेजात जायचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या फेरीत एक मुलगी लॅबच्या दाराशी उभी होती. बाकीची पोरं जाईपर्यंत ती थांबली आणि मग आत आली.

"सर, मी मेघा पाटील. डिसेंबरात जळगावहून इथं बदली घेतली." तिच्या गळ्यात नवं मंगळसूत्र होतं आणि ते तिने ओढणीखाली सरकवलं. "सर, माझं गाव काढता येईल का? म्हणजे यादीत माझं नाव दिसायला नको."

"गाव काढायचं?" हितेंद्र हसला. पाच-सहा पोरांची कामं उरकून त्याला वेळ मिळाला होता आणि थट्टेची लहर आली होती. "अगं, गाव नसलेलं माणूस असतं का? आमच्याकडे 'गाव नाही' असा एकच खाना आहे. मेलेली आणि खातं बंद झालेली त्यात जातात. जायचंय तिथं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेघा हसली नाही. तिने दाराकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. "राहू द्या, सर," म्हणाली आणि गेली.

परतताना एसटीत, पारोळा आल्यावर, रूपाली म्हणाली, "सर, ती घाबरलेली होती. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं असेल. तिचं नाव झाकून टाकू ना. एका ओळीचं काम आहे."

"एकीचं झाकलं की उद्या पन्नास येतील," हितेंद्र म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

मार्चमध्ये रूपालीला एक गोष्ट दिसली. रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी एकामागून एक सगळे अकराशे खाने उघडत होतं. काही उचलत नव्हतं, काही मोडत नव्हतं. फक्त नावं वाचायचं, शेवटच्या खान्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. रविवार सोडून रोज. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुत्रं नव्हतं, तेव्हासुद्धा. खातं होतं प्रेमराज अभिमन पाटील.

"प्रोजेक्ट करत असेल," हितेंद्र म्हणाला. "चांगला पोरगा आहे."

"सर, रोज त्याच वेळी? सगळी गावं?"

"मग काय त्याला फाशी देऊ? यादी उघडी आहे. आपणच उघडी ठेवलीय. बघितली तर गुन्हा झाला?"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रूपाली पेन्सिलने रोज एक बारीक फुली मारायला लागली. मार्च फुल्यांनी भरला, एप्रिल भरत आला. हितेंद्रला त्या फुल्या दिसायच्या आणि उगीच राग यायचा. खोलीत एसी चालू असून त्याला पंखा लावावासा वाटायचा. आपण चुकलो असू, हे ज्याच्या मनाच्या कोपऱ्यात आहे पण जिभेवर येत नाही, त्या माणसाचं असंच होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, गुरुवारी, रूपाली म्हणाली, "सर, तो थांबला. मंगळवारी शेवटचं बघितलं. काल नाही, आज नाही."

"बघ!" हितेंद्रने टाळीच वाजवली. "कंटाळला. दोन महिने नुसती काळजी करून हाडं झिजवलीस स्वतःची."

रूपालीने कॅलेंडरकडे बघितलं. बुधवारचा आणि गुरुवारचा चौकोन कोरा होता. "मला ते कोरे चौकोन जास्त वाईट दिसतात," ती म्हणाली.

आखाजी रविवारी होती. दिवाळीपेक्षा या सणाला इकडे लेकींचा मान मोठा. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी आलीच पाहिजे, आणि तिला आणायला भाऊ गेलाच पाहिजे; त्यालाच मूळ म्हणतात. झाडांना झोके बांधतात, खापरावर मांडे करतात, आणि पोरी चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. हितेंद्रची बहीण कुंदाबाई जामनेरला दिलेली. शनिवारी दुपारी तो तिला आणायला जाणार होता. जाण्याआधी मेलमधले आठवडाभराचे अहवाल पुसून टाकावेत म्हणून तो बसला. मंगळवार पुसला. सोमवारच्या अहवालावर त्याचं बोट थांबलं. एकच ओळ होती.

'मेघा अभिमन पाटील: पाडळकोठे ते धुळे, गल्ली सहा. घर हलवलं. चिठ्ठी लावली.'

अभिमन. पाडळकोठे. हितेंद्रने दोन्ही नावं मनात प्रेमराजच्या नावाशेजारी ठेवली. धुळ्याच्या कॉलेजात परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं आणि राहत्या पत्त्याचा पुरावा दिल्याशिवाय फॉर्म घेत नव्हते. तिने दिला असणार. ऑफिसच्या कागदावर पत्ता लिहिला म्हणजे तो ऑफिसात राहतो, असं तिला वाटलं असणार. कोणालाही वाटेल. सोमवारी एक वाजता प्रोग्रॅमने तिचं घर उचलून सहाव्या गल्लीत ठेवलं आणि पाडळकोठ्याच्या दारावर, तिच्या भावाच्या डोळ्यांसमोर, नवा पत्ता टांगला. मंगळवारी अकरा दहाला भावाने तो वाचला. बाकीचे सगळे खाने तो उघडायचा ते आपलं एक गाव उठून दिसू नये म्हणून. त्यानंतर त्याला बघायचं कारणच उरलं नाही.

"रूपाली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तिचा फोन नंबर काढ."

फोन बंद होता. धुळ्याच्या कॉलेजात कोणी उचलेना, अर्धा दिवस सुट्टी देऊन सगळे गेले होते. हितेंद्रने रेकॉर्डवरून घराचा पूर्ण पत्ता हातावर लिहून घेतला आणि मोटारसायकल काढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ऊन असं होतं की हँडल धरवत नव्हतं. रस्त्याने ठिकठिकाणी बहिणींना घेऊन निघालेले भाऊ दिसत होते. पुढे पिशवी, मागे नवी साडी नेसलेली बहीण, मध्ये तिचं पोर. एरवी हे बघून त्याला बरं वाटलं असतं. आज प्रत्येक पांढऱ्या शर्टाकडे तो वळून बघत होता.

सहाव्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांना कुलूप होतं. खालच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. ती घरमालकीण ताईबाई.

"अक्का, वरती मेघा राहते ना? कुठे गेली?"

"तिना भाऊ लई गया तिले. सकायमाच उना व्हता." भाऊ सकाळीच येऊन घेऊन गेला, हे सांगताना ताईबाईचा चेहरा आनंदाने फुलला होता. "आखाजीनं मूळ उनं, भाऊ! हिरवी साडी लई उना व्हता, मांडा लई उना व्हता. पोर इतली रडनी, इतली रडनी! मना गयामा पडीसन म्हने, अक्का, माले इसरनात नही."

विसरले नाहीत मला. हितेंद्र तिथंच पायरीवर बसला.

"किती वाजता?"

"नऊ वाजी गयथात. तिना नवरा कामवर जायेल व्हता. ती म्हने, फोन करसू त्याले. तिना भाऊ चांगला शे, हात जोडीसन बोलस." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "काय व्हयनं भाऊ? तुम्ही कोन?"

ज्याने पत्ता दिला तो, असं हितेंद्रने म्हणायला हवं होतं.

मेघाचा नवरा स्वप्नील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. ताईबाईने त्याला बोलावून घेतलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, बोटांना सोल्डरचे डाग. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला. "सर, डिसेंबरात तिच्या बापाने निरोप पाठवला होता. सापडली की संपली, असा." तो एवढंच बोलला. दोघं पोलीस चौकीत गेले.

हवालदार पुना नावाचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पाणी दिलं, आणि मग कपाळावर हात ठेवून विचारलं, "म्हणजे आखाजीला भाऊ बहिणीला घ्यायला आला. साडी घेऊन आला. ती खुशीने गेली. यात तक्रार काय लिहू?"

"तो तिला दोन महिने शोधत होता," हितेंद्र म्हणाला.

"कुठं?"

"आमच्या यादीत. रोज. अकराशे गावं."

"ती यादी बघायला बंदी होती?"

"नाही."

"उघडी कोणी ठेवली?"

तरी पुना हवालदार भला माणूस. त्यांनी पाडळकोठ्याच्या पोलीस पाटलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हा, अभिमन आबानी पोर. उनी ना!" पलीकडून आवाज आला. मागे बायकांचा गलका, पोरींचं गाणं. "दारना निंबले झोका बांधेल शे, त्यावर बशेल शे. बठ्ठं गाव दखी राहिनं."

हवालदारांनी फोन ठेवला आणि दोघांकडे बघितलं. "ऐकलंत? झोक्यावर बसलीय." त्यांच्या सुरात समजूत होती. स्वप्नीलने डोळे मिटून घेतले. सगळं गाव बघतंय, हे शब्द हितेंद्रच्या कानातून निघेनात. त्याने परत एकदा बोलून पाहिलं. हवालदार म्हणाले, चार दिवसांनी आली नाही तर या.

हितेंद्रने त्याच संध्याकाळी फोनवरून रूपालीला सांगून यादी बंद करवली. वरातीमागून घोडं. कुंदाबाई त्या आखाजीला माहेरी आली ती दिराच्या गाडीतून. "दादा, वाट बघू बघू डोळे फुटले माझे," ती रागावून म्हणाली. हितेंद्रने तिच्या पायाला हात लावला. धाकट्या बहिणीच्या पायाला! ती घाबरून मागे सरकली.

चार दिवसांनी मेघा आली नाही. स्वप्नील पुन्हा चौकीत गेला. पाडळकोठ्याहून निरोप आला, ती तर आखाजीच्या तिसऱ्या दिवशीच निघाली. भावाने चाळीसगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसवून दिली, पुढचं आम्हाला काय माहीत. हरवल्याची नोंद झाली. पुना हवालदार दोनदा स्वतः पाडळकोठ्याला जाऊन आले. दुसऱ्यांदा आल्यावर त्यांनी स्वप्नीलशी नजर मिळवली नाही. निंबाला झोका तसाच होता म्हणाले, आणि कोणी काही बोलत नाही म्हणाले. गाव बोलत नाही तेव्हा एकजात बोलत नाही.

स्वप्नील एक दिवसाआड धुळ्याहून जळगावला यायचा. सर्व्हर-खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि एकच विचारायचा, "सर, तिने आज खातं उघडलं का?" परीक्षा जवळ होती. मेघाचा प्रोजेक्ट अर्धा राहिला होता. जिथं असेल तिथून ती तो उघडेल, अशी त्याची आशा. हितेंद्र लॉग बघायचा आणि मान हलवायचा. रूपाली पोराला पाणी द्यायची. एकवीस हजार घरं नंबरांवरून शंभर खान्यांत हलवण्याची तयारी तिने करून ठेवली होती, पण परीक्षा संपेपर्यंत हात लावायला परवानगी नव्हती. त्यामुळे गावं तशीच उभी होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, ऑफिसातून हितेंद्रकडे एका अर्जाची प्रत आली. छापील फॉर्म, 'विद्यार्थ्याचे खाते बंद करणे'. विद्यार्थी: मेघा अभिमन पाटील. अर्जदार: भाऊ, पालक म्हणून. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'पाडळकोठे गावच्या यादीत हिचे नाव अजून दिसते. गावातील मुले बघतात. बरे वाटत नाही. तरी नाव काढावे ही विनंती.' यादी बंद झालीय हे त्याला माहीत नव्हतं. तो परत बघायला आलाच नव्हता.

तीच विनंती. फेब्रुवारीत तिने उभ्याउभ्या केली होती, आणि हितेंद्रने थट्टेवारी नेली होती. आता भावाने कागदावर केली होती.

फॉर्मवर कारणाचा रकाना होता. शिक्षण पूर्ण, शिक्षण सोडले, मयत, असे तीन चौकोन. तिन्ही कोरे. चौकोन भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये, अशी अट हितेंद्रला घालता आली असती. कारकुनांना त्रास नको म्हणून त्यानेच ती ठेवली नव्हती.

तो खोलीबाहेर जिन्यात गेला आणि फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"नमस्कार सर," प्रेमराज म्हणाला. तोच आवाज, नम्र.

"मेघा कुठे आहे?"

पलीकडे कुठेतरी विहिरीवरची मोटार चालू होती. ती तशीच चालू राहिली.

"प्रेमराज, कारणाचा रकाना कोरा आहे. काय लिहायचं त्यात?"

"कोरंच राहू द्या, सर."

"ती कुठे आहे, मी विचारतोय!"

"सर, तुमनी सिस्टम भारी शे," प्रेमराज हळू आवाजात म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरोखर आभार मानत होता. "आम्ही डिसेंबरपाइन दखी राहिनूत. नाशिक दखं, सुरत दखं. तुमना मुळे सापडनी."

फोन ठेवल्याचा आवाज आला. पुना हवालदारांना सांगायला हवं, जसंच्या तसं, आपल्या नावासकट. हितेंद्रने जिन्यातूनच त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. "लिहून द्या, साहेब. सही करून द्या. आता निघतो मी," ते म्हणाले. हे मार्चमध्ये झालं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत.

खोलीत आला तेव्हा स्वप्नील स्टुलावर बसलेला होता. रूपाली स्क्रीनसमोर उभी होती आणि तिचा हात तोंडावर होता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दोन मिनिटं झाली होती. अर्ज ऑफिसात सकाळीच नोंदला गेला होता आणि प्रोग्रॅमने आपलं काम केलं होतं. अहवालात एकच ओळ होती.

'मेघा अभिमन पाटील: धुळे, गल्ली सहा ते गाव नाही. घर हलवलं. चिठ्ठी लावली.'

"सर," स्वप्नीलने विचारलं, "आज उघडलं का तिने?"

हितेंद्रने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसला.